भागवतचे दात

भागवत आठवतोय ना, माझा हॉस्टेलचा पार्टनर? सव्वासहा फूट उंच. बास्केटबॉल असा खेळायचा की भिंगारच्या लष्करी टीमचे सुभेदार त्याच्या मागेच लागले. "कॉलेज सोड, भरती हो. तुला फक्त खेळायचंय!"

आम्ही सगळे म्हणालो, जा बाबा. हा म्हणाला, वडलांना विचारतो.

वडील तिसगावहून एस.टी.नं आले. अख्खी मॅच उभ्यानं बघितली. मग पोराचे खांदे दाबले, गुडघे चाचपले, बाजारात बैल बघावा तसे. सुभेदारांना म्हणाले, "सायेब, पोरगं लई झ्याक खेळतंय. पन खोंडानं दुधाचे दात पाडल्याबिगर आमी त्याला औताला जुंपत न्हाई. खांदा सुजतो, मंग ते जलमभर बसून ऱ्हातं. ह्याला बी.ए. हू द्या."

"जागा थांबणार नाही, बाबा."

"मंग ऱ्हाऊ द्या."

आम्ही म्हाताऱ्याला मनातल्या मनात काय शिव्या घातल्या!

पुढच्या वर्षी निकाल लागला. भागवत सेकंड क्लासात पास. नंबर बघून आम्ही वळलो, तर कॉलेजच्या फाटकात सुभेदार, हातात भरतीचा फॉर्म.

भागवतपुढे येऊन म्हणाले, "आ कर. दात बघू."