घरच्या सायकलीचा हिरवा स्टिकर

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे मुख्याध्यापक श्रीयुत डाउवे ब्रांडस्मा. नगरपालिकेच्या वाहतूक विभागातून मुद्दाम आलेल्या, आणि आल्यापासून घड्याळाकडे अजून एकदाच पाहिलेल्या सन्माननीय पाहुण्या. आजच्या सत्कारमूर्ती सीत्स्केबाई पोस्थुमा. ऑल्डमेर गावचे आजी-माजी परीक्षार्थी, त्यांचे आईबाप, आणि गुलाबी केक कुठे ठेवलाय ते हेरून बरोबर त्याच भिंतीला टेकून उभी असलेली मागची मंडळी, तुम्हा सर्वांना वीब्रन हूक्स्माचा नमस्कार.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. माझी बायको आफ्के पहिल्या रांगेत बसली आहे आणि तिने बोटांनी पाच दाखवली आहेत. तेव्हा सात मिनिटांत आवरतो.

बाईंच्या निरोपाला बोलायला मलाच का बोलावलं असेल, हा प्रश्न मला आठ दिवस छळतोय. गावात शिकलेली माणसं कमी आहेत का? मी साधा सायकल दुरुस्त करणारा. पण एकतीस वर्षं झाली, दर वसंतात मुलांच्या सायकल परीक्षेच्या आदल्या मंगळवारी शाळेच्या अंगणात मी पान्हा घेऊन उभा असतो. घंटी वाजते का? पुढे पांढरा, मागे लाल दिवा लागतो का? पेडलांवर पिवळे चमकपट्टे आहेत का? ब्रेक धरतो का? सगळं नीट असेल तर सायकलीवर हिरवा स्टिकर. स्टिकर नसेल तर बुधवारी परीक्षेला बसता येत नाही. त्या एका मंगळवारी गावात माझा काय रुबाब असतो म्हणून सांगू! एरवी मला दारात उभं न करणाऱ्या बायका त्या दिवशी 'वीब्रनभाऊ, कॉफी घेता ना?' म्हणतात.

आता हा रुबाबदार माणूस स्वतः कसा आहे, तेही ऐका. मागच्या नोव्हेंबरात संध्याकाळी पाचला, अंधार पडता पडता, मी दुकान बंद करून घरी निघालो होतो. त्या आठवड्यात मी साठेक सायकलींना दिवे बसवले होते. कालव्याच्या पुलावर पोलिसातल्या एका मुलीने हात केला.

"आजोबा, मागचा दिवा?"

"अगं, दुकानात भरपूर आहेत."

"दुकान नाही चालवत आहात तुम्ही. सायकल चालवताय."

माझ्या मागून गावातली निम्मी पोरं दिवे लावून, घंट्या वाजवत गेली. एकाने तर वळताना मला दाखवून दाखवून हात बाहेर काढला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दंडाची पावती आफ्केने स्वयंपाकघरात लावून ठेवली आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी जरूर यावं, कॉफी मिळेल.

हसा, हसा. बाईसुद्धा हसताहेत. चौतीस वर्षं परीक्षेच्या वाटेवरच्या चार नंबरच्या चौकीवर परीक्षक म्हणून उभ्या राहिलेल्या बाईंना हसताना कुणी पाहिलंय? दूधडेअरीच्या कोपऱ्यावर, हातात फळी, फळीवर कागद, पाऊस असला तर कागदावर प्लॅस्टिक. मुलं डावीकडे वळायला यायची आणि बाईंचं वाक्य मनात म्हणायची. कुठलं? म्हणा बरं सगळ्यांनी. 'मागे बघ, हात काढ, वेग कमी कर. रस्त्यावरचे पांढरे त्रिकोण म्हणजे शार्कचे दात, त्यांच्या अलीकडे थांब. समोरच्याला जाऊ दे, मगच जा.' बघा, पाहुण्या बाई, सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहे. पाळतात किती, ते विचारू नका.

बाईंनी इथल्या डॉक्टरच्या मुलाला नापास केलं. पाद्र्याच्या जुळ्या मुलींना केलं. एका वर्षी स्वतःच्या भाच्याला केलं आणि बहिणीने वर्षभर बोलणं टाकलं. मी त्यांना म्हटलं होतं, "सीत्स्के, घरच्यांच्या बाबतीत जरा डोळेझाक करावी माणसाने." एका वर्गात शिकलो आम्ही, म्हणून चार लोकांत 'बाई' आणि एरवी 'सीत्स्के'. तर ती म्हणाली, "ट्रकवाला विचारतो का, कोणाच्या घरचा म्हणून?"

आफ्के खुणा करतेय. विषयावर ये म्हणते. येतो. खरं तर मघापासून मी त्या विषयालाच वळसे घालतोय.

अध्यक्ष महाराज, बाईंच्या जागी पुढच्या वर्षीपासून कोण, हा प्रश्न तुम्हाला पडला आहे. तुम्ही आपल्या शाळेतल्या सगळ्यांत तरुण शिक्षिकेला विचारलंत. ती माझी नात, फेन्ना. तिसऱ्या रांगेत बसली आहे. ती तुम्हाला काय म्हणाली, ते तुम्ही मला सांगितलंत. ती म्हणाली, 'जी स्वतः नापास झाली, ती दुसऱ्यांची परीक्षा काय घेणार?'

खरं आहे. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी, अकराच वर्षांची असताना, परीक्षेचं सतरा नंबरचं जाकीट घालून फेन्ना चार नंबरला आली आणि शार्कचे दात ओलांडून थेट रस्त्यात गेली. पाववाल्याची गाडी दोन हातांवर थांबली. पोर पलीकडच्या चरात पडली. लागलं नाही फारसं, पण डोक्यात शेवाळ घेऊन वर आली आणि मागची पोरं हसली. पुन्हा परीक्षा देता येते, पण तिने दिली नाही. तेव्हापासून ती त्या कोपऱ्यावर सायकलवरून उतरते आणि हातात धरून रस्ता ओलांडते. या गावात लोक सायकलवरून दुधाला जातात, लग्नाला जातात, मयतीला जातात. तिथे ही पोर चालते! तुम्ही सगळ्यांनी तिची थट्टा केलीत. 'फेन्ना, सायकलीला फिरवायला निघालीस का?' मीही त्या थट्टेत हसलो आहे.

आता बाईंनाच ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. आफ्के, तुलाही ठाऊक नाही. बस, उठू नकोस.

त्या परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी फेन्नाच्या सायकलीला मागच्या ब्रेकची नवी तार घातली. नट हाताने फिरवला. पान्ह्याने आवळायचा, एवढ्यात जेवायला हाक आली. जेवून उठलो आणि विसरलो. काही हरकत नाही, मंगळवारची तपासणी असतेच की! ती कशासाठी असते? असल्याच विसरभोळ्यांसाठी. मंगळवारी अंगणात एक्केचाळीस सायकली आल्या. चाळीस मी ओणवा होऊन तपासल्या. एका बिचाऱ्याला तर घंटीचा आवाज बारीक आहे म्हणून परत पाठवला. एक्केचाळिसावी फेन्नाची. एका हातात कॉफी होती. म्हटलं, ही काय तपासायची? घरचीच आहे, माझ्याच हातची आहे. कॉफी खाली न ठेवता मी स्टिकर लावला.

बुधवारी ती चार नंबरला आली. मागे पाहिलं. डावा हात बाहेर काढला, खांद्याच्या रेषेत, बोटं जुळवून, बाईंनी शिकवला तसा. आता एक हात बाहेर म्हटल्यावर ब्रेकला उरला उजवा हात. आणि उजव्या हाताचा ब्रेक कुठला? मागचा. मी न आवळलेला. तिने दाबला आणि तो सरळ मुठीला येऊन टेकला. हात खाली घेऊन पुढचा ब्रेक दाबायला हवा हे कळेपर्यंत दात मागे पडले होते. नियम पाळायला तिने हात बाहेर ठेवला, म्हणून ती पडली. माझ्यासारखी हात खिशात घालून चालवणारी असती तर कदाचित वाचली असती.

त्या दुपारी सीत्स्के ती सायकल हातात धरून दुकानात आली. चिखल पुसलेला नव्हता.

"वीब्रन, हा ब्रेक दाब."

दाबला.

"स्टिकर कोणाचा?"

"माझा."

"मी निकाल अजून शाईने लिहिलेला नाही. सायकल सदोष असेल तर परीक्षा रद्द होते, मूल नापास होत नाही. पण तशी सही तपासणाऱ्याची लागते. आणि पोरीला तू सांगायचंस. ज्याने स्टिकर लावला, त्यानेच काढायचा."

"आज सांगतो," मी म्हणालो.

आणि खरंच सांगणार होतो हो. संध्याकाळी मुलाकडे गेलो. जेवणाच्या टेबलावर फेन्ना ओले केस घेऊन बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, मी ब्रेक उशिरा दाबला." सगळे माझ्याकडे बघू लागले. गावातला सायकलीतला जाणकार मी. म्हणालो, "होतं असं, बाळा. पुढच्या वेळी जरा लवकर दाबत जा."

हे वाक्य मी बोललो. एवढं छोटं वाक्य. त्यानंतर बाई दर वर्षी, तपासणीच्या मंगळवारी, अंगणात माझ्या शेजारी येऊन हळूच विचारायच्या, "सांगितलंस?" आणि मी म्हणायचो, "अजून लहान आहे." मग, "आता परीक्षा चालू आहेत तिच्या." मग, "आता विसरली असेल." बाई म्हणायच्या, "विसरली असती तर उतरली नसती कोपऱ्यावर." मी पान्हा घेऊन दुसऱ्या सायकलीकडे वळायचो. वळताना हातही दाखवायचो नाही.

तुम्हाला वाटेल, बाईंनीच का नाही सांगितलं? मीही त्यांना एकदा चिडून म्हटलं, "एवढं आहे तर तूच सांग ना!" त्या म्हणाल्या, "माझ्याकडून तिला फक्त ब्रेकचं कळेल." तेव्हा मला याचा अर्थ लागला नाही. काय करणार, बुद्धीच्या बाबतीत मी आधीपासूनच बिनदिव्याचा. यंदा फेब्रुवारीत त्या दुकानात आल्या, चाकात हवा भरून घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, "वीब्रन, पुढच्या वर्षीच्या मंगळवारी विचारायला मी नसेन." बस्स, एवढंच. आठ दिवसांपूर्वी अध्यक्षांनी मला भाषण करायला सांगितलं. नाव कोणी सुचवलं, हे मी विचारलं नाही आणि आता विचारायची गरजही नाही.

बाई, तो कागद आणला आहे ना? मला खात्री होतीच. बघा मंडळी, अकरा वर्षांपूर्वीचा चार नंबरच्या चौकीचा कागद. सतरा नंबरच्या ओळीत अजून पेन्सिल आहे. अध्यक्ष महाराज, जरा पेन द्या. माझं चालत नाही, तेही मी तपासून आणलेलं नाही. लिहितो. 'परीक्षेच्या वेळी सायकल सदोष होती. दोष तपासणाऱ्याचा. वीब्रन हूक्स्मा.' झाली सही. एवढ्याशा सहीला अकरा वर्षं लागली.

फेन्ना, तू उशिरा दाबला नाहीस. वेळेवर दाबलास. मी खोटं बोललो, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास, स्वतःवर नाही. याची मला लाज वाटते. गंमत नाही करत आता. लाज वाटते.

तर निकाल रद्द, म्हणजे तुझी परीक्षा अजून व्हायचीच आहे. येत्या बुधवारी सकाळी नऊला. सतरा नंबरचं जाकीट बाईंनी जपून ठेवलंय. ते आता तुला होणार नाही, हाताला बांध. सायकल मंगळवारी तपासून घे. माझ्याकडे आणू नकोस. घरच्या सायकली मी यापुढे तपासत नाही. बाई तपासतील. त्यांना निरोप दिलाय आपण, पण त्या ऐकतील असं कुणाला वाटतंय का?

सीत्स्केबाई, तुम्ही या गावातल्या पोरांना थांबायला शिकवलंत. माझ्यासाठी तर स्वतःच अकरा वर्षं थांबलात. गावाच्या वतीने आणि या खोडकर वर्गमित्राच्या वतीने तुमचे आभार. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि केक करणाऱ्या मंडळींचेही आभार. सात मिनिटं केव्हाच होऊन गेली, त्याचा दंड आफ्के घरी वसूल करेल.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं, असं शेवटी म्हणायची रीत आहे. तुम्हा सगळ्यांकडे तेवढं मागतो. सतरा नंबरने मात्र घाई करू नये. तिने मागे बघावं, दोन्ही बाजूंना बघावं, हवा तेवढा वेळ घ्यावा. मी त्रिकोणांच्या अलीकडे थांबलो आहे.