चार बोटं जागा

हौशीराम : सरळ वर न्यायचा म्हनलं तर वरच्या खोलीची जिमीन फोडावी लागंल, वैनीसाहेब. त्यापरास ह्या झरोक्यातनं भायेर काढतो. एक बाक दिला की काम मोकळं.

पद्मजा : झरोक्यातून नको. सरळ वरच न्या.

हौशीराम : फळ्या सागाच्या हायेत. माईसाहेब माझी सालटी काडतील.

पद्मजा : सासूबाईंनीच हो म्हटलंय. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या एखाद्या गोष्टीला लगेच हो म्हणाल्या. त्यांचं मन बदलायच्या आत भोक पाडा. आणि हौशीरामभाऊ, तिथे दाराशीच थांबा. मी हात वर केला की तोंड फिरवा.

हौशीराम : आमी लोकोशेडातली मानसं. तीस वर्सं इंजनाचा धूर गिळलाय. आमाला खोकल्याचं काय भ्या दावताय?

पद्मजा : हा धुराचा खोकला नाही.

हौशीराम : ठावं हाय. सगळ्या खंडाळ्याला ठावं हाय. तरी आलो का न्हाई? शेगडी मातुर लय झकास गावली बगा. अस्सल बिडाची. सायेब विलायतेला गेला, पन ही काय बोटीवर चढंना. चार गडी लागले हितवर उतरवाया. पन मी म्हनतो, मडमेच्या दिवानखान्यातली वस्तू तळघरात कशापायी?

पद्मजा : डॉक्टर म्हणाले, कोरडी हवा पाहिजे. वरच्या मजल्यावर मला ठेवता येत नाही. मग हवाच खाली आणायची.

हौशीराम : आन् नळ सरळच का?

पद्मजा : वर त्या कोपऱ्यात बाळाचा पाळणा आहे. मुकुंदाचा. नळ तापला की खोली तापेल. मी इथे लाकूड घालायचं, तो तिथे उबेत झोपायचा. दूध तर पाचव्या महिन्यातच तोडलं. ऊब तरी माझी लागू दे त्याला.

हौशीराम : केवडा झाला आता?

पद्मजा : या एकादशीला नऊ महिने. आधी माई रोज संध्याकाळी त्याला बागेत आणून झरोक्यासमोर गवतावर उभा धरायच्या. झरोका असा जमिनीलगत, मला फक्त पाय दिसायचे. डाव्या घोट्याला काळा दोरा. एकदा पाय उचलून त्यानं आत घातला होता, माहितेय? मी हात पुढे केला आणि मागे घेतला. महिना झाला आता, थंडी म्हणून बाहेर काढत नाहीत.

हौशीराम : माझी नात हाय येवडीच. मुक्ती. कार्ल्याला असती, आयबापासंगं. दिसंल ते तोंडात घालती. परवा माझा पाना चाटून काळं थोबाड घिऊन फिरत व्हती.

पद्मजा : मुकुंदही आता रांगत असेल ना? वर कधी धपकन आवाजसुद्धा येत नाही. गुणी आहे म्हणतात माई.

हौशीराम : आसंल. बरं, आईका. नळ तापून लाल झाला आन् फळीला टेकला, तर घर पेटंल. म्हनून भवती चार बोटं जागा सोडायची आन् वरनं पत्र्याची चकती मारायची. भोक पाडाया जातो मी. वरनं भुसा पडंल, पदर घ्या डोक्यावर.

पद्मजा : आणि हौशीरामभाऊ, खाली आलात की मला सांगा. कसा दिसतो तो.

(वरची खोली. जमिनीच्या फळ्यांना भोक पडलं आहे, नळ अजून चढलेला नाही.)

हौशीराम : माईसाहेब, पाळना हाताभर सरकवा. आन् लेकराला घ्या उचलून. भुसा उडतोय, डोळ्यात जाईल त्याच्या.

माई : तू तुझं काम कर.

हौशीराम : अवो, लई बारीक कीस हाय. मीच दुपटं वढतो तोंडावर...

माई : हात लावू नकोस!

हौशीराम : ...ह्ये काय वो? वरवंटा?

माई : हळू बोल.

हौशीराम : दुपट्यात वरवंटा गुंडाळलाय! टोपडं बी घातलंय त्याला!

माई : हळू म्हणते ना! त्या भोकातून सगळं खाली जातं. इकडे ये, खिडकीशी. ये.

हौशीराम : लेकरू कुटं हाय, माईसाहेब?

माई : सुखरूप आहे. महिन्यापासून तळेगावला, माझ्या थोरल्या मुलाकडे. त्याच्या बायकोची कूस उजवली नाही. मागच्या पंधरवड्यात विधी केला. मुकुंदाच्या बापानंच दत्तक दिला त्यांना.

हौशीराम : आन् खाली त्या माऊलीला...

माई : तिला काय विचारायचं? पोराला आई हवी. जिच्याजवळ जाता येत नाही, ती आई काय उपयोगाची? माझी थोरली लेक याच दुखण्यानं गेली. तिच्या उशीवर हट्टानं निजली म्हणून धाकटी गेली. तेरा वर्षांची होती. तेव्हा मला कुणी शहाणपण शिकवायला आलं नाही. आता तूही शिकवू नकोस.

हौशीराम : मी कोन शिकवनार? पन सांगून तरी टाका तिला.

माई : तू ओळखत नाहीस तिला. सांगितलं तर त्याच पावली उठून तळेगावला चालत जाईल, आणि पोराला छातीशी धरेल. नाही तर वाटेत रेल्वेच्या रुळांवर पडेल. पाळणा करकरला की निमूट पडून राहते. औषध घेते, भात खाते. रिकामा पाळणा वेगळा वाजतो, म्हणून वजन घातलं. सकाळी तासभर आणि तिन्हीसांजेला तासभर मी स्वतः हलवते. या वयात. हौस आहे का मला?

हौशीराम : लेकरू टनक व्हावं म्हनून बारशाला वरवंटा फिरवत्यात, माईसाहेब. त्येला अंगाई म्हनत न्हाईत.

माई : तुझ्या नातीचं नाव काय रे?

हौशीराम : ...मुक्ता. का?

माई : तिची शपथ घे. खाली एक शब्द बोलणार नाहीस.

हौशीराम : लेकराला मदी आनू नका.

माई : मी माझं आणलंय ना मध्ये? तूही आण. म्हण.

हौशीराम : माईसाहेब...

माई : म्हण.

हौशीराम : मुक्तीच्या गळ्याची आन. खाली बोलनार न्हाई.

माई : आता चल, नळ चढव. मी पाळण्याशी बसते. मघापासून हलला नाही, कान लावून बसली असेल ती. आणि तोंड असं पाडू नकोस! दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. ती काय फाल्गुन बघतेय?

(खाली, तळघर.)

पद्मजा : आलात खाली? नळ केव्हाच चढला, तुम्हीच उतरत नव्हता. मग? पाहिलात त्याला?

हौशीराम : व्हय.

पद्मजा : झोपलाय?

हौशीराम : झोपलाय.

पद्मजा : कसा?

हौशीराम : लेकरं झोपत्यात तसा.

पद्मजा : पालथा की उताणा?

हौशीराम : ...उताना.

पद्मजा : माझ्याजवळ होता तेव्हा पालथाच झोपायचा. ढुंगण वर करून. जावळ वाढलं असेल.

हौशीराम : टोपडं व्हतं. वैनीसाहेब, नळ बसला झकास. वर चकती मारली की आमी सुटलो.

पद्मजा : चकती राहू दे.

हौशीराम : ऱ्हाऊ दे कसं? पैल्यांदा पेटवली की नळ थंड असतो, धूर मागं फिरतो. त्या चार बोटांतनं समदा वर जाईल. बाळाच्या खोलीत.

पद्मजा : वरवंट्याला खोकला होत नाही.

हौशीराम : आँ?

पद्मजा : असे बघू नका. हळू बोला, वर ऐकू जाईल. भोक पडल्यापासून ऐकतेय मी. पाळणा इकडे आला की काहीतरी गडगडत या कडेला येतं. तिकडे गेला की त्या कडेला. मूल असं गडगडत नाही, हौशीरामभाऊ. मूल पाळण्याबरोबर जातं. आधी फळ्यांतून नुसती करकर ऐकू यायची. तेवढ्यावर मी महिनाभर भात जेवले.

हौशीराम : आनकी काय आईकलं?

पद्मजा : तुमचा वरवंटा, आणि माईंचा आवाज चढला तेवढं. फाल्गुन ऐकला. गाव ऐकू आलं नाही. कुठे आहे तो?

हौशीराम : मला इचारू नका.

पद्मजा : जिवंत आहे?

हौशीराम : हाय! हाय की. तसलं काई मनात आनू नका.

पद्मजा : मग कुठे? मुलाचं गाव विचारतेय मी, दुसरं काही मागत नाही.

हौशीराम : नातीची आन घातलीया मला. मी बोलनार न्हाई, वैनीसाहेब. माझं येकच नातवंड हाय.

पद्मजा : बरं. नका बोलू. तिच्यावर काही यायला नको. जा तुम्ही.

हौशीराम : हितं शेगडीमागं येक खिळा ठोकायचा ऱ्हायलाय. त्यो मी ठोकतो. तुमी आपल्या बोलत ऱ्हावा. तुमाला काय, कुनी आन घातली न्हाई.

पद्मजा : ...पुणे?

हौशीराम : बोला, बोला.

पद्मजा : मुंबईला? नाही. माझ्या माहेरी तर पाठवणार नाहीत. तळेगावला, जाऊबाईंकडे?

माई : अरे हौशीराम, आता काय ठोकतोयस खाली? बाळ दचकेल ना!

हौशीराम : खिळा वाकडा गेला, माईसाहेब!

पद्मजा : तळेगाव. गाडीनं तासाभराचीसुद्धा वाट नाही. राहायला नेलाय? मी बरी होईपर्यंत? ...मारा ना. हौशीरामभाऊ, हातोडा मारा की.

हौशीराम : ...

पद्मजा : नाही? मग कायमचा? ...दत्तक?

माई : किती ठोकशील रे? नळ पाडशील!

हौशीराम : झालं, झालं! येकच ऱ्हायलाय!

पद्मजा : हो. एकच राहिलंय. त्यांच्या मांडीवर कुणी दिला? आईबापांनी द्यावा लागतो. मी तर इथे होते. माईंनी दिला? ...नाही. ह्यांनी? ह्यांनी स्वतः?

हौशीराम : ...बसला खिळा, वैनीसाहेब.

पद्मजा : काल संध्याकाळी हे तिथे, तुम्ही उभे आहात तिथेच उभे होते. म्हणाले, मुकुंदाला दोन दात आलेत. मी विचारलं, वरचे की खालचे. जरा विचार केला आणि म्हणाले, खालचे. मी रात्रभर त्या दातांशी खेळत होते.

हौशीराम : बसा तुमी. पेटवायची मी पेटवतो.

पद्मजा : नको. मी पेटवते. काडेपेटी द्या, आणि तुम्ही लांब व्हा.

हौशीराम : चकती मारू का मग?

पद्मजा : चकती माझ्या खाटेखाली सरकवा. त्या फटीशी कधीतरी त्याचं नाव निघेल. पत्र येईल, कुणी तळेगावहून येईल. ताप आला, चालायला लागला, काहीतरी बोलतीलच. फाल्गुनापर्यंत तेवढं पुरे.

हौशीराम : धूर तुमालाच बाधंल.

पद्मजा : बघा, धरलं की लाकडानं. पहिल्याच काडीला.

माई : पेटली का गं, पद्मजा?

पद्मजा : पेटली, माई.

माई : बरं झालं बाई. बाळालाही ऊब लागेल हो. मजेत झोपलाय. ...हे काय, धूर कुठून येतोय? हौशीराम!

हौशीराम : नळ थंड हाय, माईसाहेब. घटकाभर येनारच.

पद्मजा : माई, त्याला दुसऱ्या खोलीत न्या ना. डोळे चुरचुरतील त्याचे.

माई : ...झोपलाय गं. कशाला उगीच उठवू?

पद्मजा : मग तुम्ही त्याच्याजवळच बसा. पदरानं वारा घाला त्याला. पाळणा हलवताय ना?

माई : हलवतेय ना. ऐकू येत नाही का तुला?

पद्मजा : येतं. आज अगदी स्वच्छ येतं.

माई : बास झाला बाई हा धूर... डोळे गेले माझे.

पद्मजा : हौशीरामभाऊ, ते ओलं लाकूड द्या इकडे.

हौशीराम : वैनीसाहेब, ओल्यानं आनकी धूर व्हईल. म्हातारं मानूस हाय वर.

पद्मजा : द्या म्हटलं ना.

माई : पद्मजा, जरा थांबते गं. दंड भरून आला माझा.

पद्मजा : थांबू नका, माई. तो रडला, तर मला वर यावं लागेल.