हवेची बंडी

मी मूळचा मानदेशाकडचा, किसन माझं नाव. आमचं गाव म्हंजे नुसता माळ, माळावर कुसळं आन् कुसळात मेंढरं, दुसरं काय सांगू तुमाला. बाप मेंढक्या, आज्जा मेंढक्या, दसरा झाला की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आन् कोकनाच्या अंगाला उतरायचं, पावसाच्या तोंडाला माघारी यायचं, आठ-आठ म्हैनं घर न्हाई का दार न्हाई. मी चौथीपतुर शिकलो, ती बी तीन गावच्या तीन शाळांत. आन् मग एक दिस साताऱ्याला भरती निघाली, चुलता म्हनला जा की पळून बग, तर मेंढरामागं पळून पळून पाय तयारच हुतं माजं, पळालो तर पैला आलो, छाती मोजली, घेतलं.

मिल्ट्रीत मला फटफटी दिली. टपाल पोचवायचं, हिकडचा कागद तिकडं, डिस्पॅच रायडर म्हनत्यात त्येला. ज्यानं घोड्याबिगर काय बगितलं न्हवतं त्येच्या बुडाखाली सरकारनं फटफटी दिली, मंग काय इचारता, मिशीला पीळ भरायचो मी. सतरा वर्सं गाडी चालवली, धा येळा पडलो, हाड मोडलं न्हाई. पन माज्या जोडीला एक पंजाबी गडी हुता, गुरनाम, आडदांड, दिलदार, त्यो एकदा वळनावर घसरला आन् पाठ जाऊन धडकली धोंड्यावर. डोक्याला हेल्मेट हुतं, रगताचा थेंब न्हाई कुटं, मी पळत गेलो तर माज्याकडं बगून हसला, उटून बसंल असं वाटलं, आन् मला म्हनतो, किसन, मेरे पैर कहाँ हैं. त्येचं पाय त्येच्या फुडं पसरल्यालं हुतं, दिसत हुतं त्येला, तरी इचारत हुता. हे मी ह्या डोळ्यांनी बगितलंय. म्हनून मला कळत न्हवतं असं कुनी म्हनू ने. मला समद्यांपरास जास्त कळत हुतं.

रिटायर झालो, गावात बसून करू काय, रानाला पानी न्हाई. आमच्या युनिटचं एक साहेब पाचगणीला बंगला बांधून ऱ्हायलं हुतं, ते म्हनलं ये माज्याकडं. गेलो. डायवर म्हना, माळी म्हना, समदं मीच. मंडळी गावाकडं, हिराबाई, तिला थंडी सोसत न्हाई, मी म्हैन्यातनं एकदा घरी जायचो. आमाला एकच ल्येक, सुनंदा, नवसाची. तिला दिली वाळव्याकडं, सांगली जिल्ह्यात, मानसं चांगली, बागाईत थोडी पन हाय, सासरा न्हाई, सासू तोंडानं जरा फटकळ पन पोटात काय ठेवत न्हाई. जावई तानाजीराव, कोयनानगरला वायरमन, पर्मनंट. लग्नात फटफटी मी दिली. त्येंनी मागितली न्हवती, खोटं कशाला बोलू, माजीच हौस, म्हनलं ह्या घरात जावई यील तो गाडीवरनंच यील. तवापास्नं ते शनवारी कोयनेसनं घरी यायचं आन् सोमवारी भल्या सकाळी माघारी जायचं, कऱ्हाड, पाटन आन् फुडं त्यो रस्ता, तुमी गेलाय का कवा त्या रस्त्यानं? वळनावर वळन, एका अंगाला डोंगर, एका अंगाला दरी, आन् पावसाळ्यात धुकं असं की आपलाच हात दिसंना.

तर ह्याच साली उन्हाळ्यात साहेबांचं चिरंजीव आलं जपानवरनं, तितं कंपनीत हायत, त्येंनाबी फटफटीचा लय नाद. जायच्या आधी मला खोलीत बोलावलं आन् पलंगावर दोन कापडं टाकली. एक काळं चामड्याचं जाकीट, लांब बाह्यांचं, आसं चकाकनारं की त्यात तोंड बगावं. दुसरी बिनबाह्याची बंडी, जाडजूड, गळ्याशी कालर, फुडं तीन बकलं आन् कमरंला लोंबनारी एक दोरी. म्हनलं ही काय भानगड. तर म्हनलं काका, तिकडंबी ही नवीनच निघालीय, हिच्या आत हवेच्या पिशव्या हायत आन् गॅसचं बारकं नळकांडं हाय, ही दोरी गाडीला अडकवायची, मानूस गाडीवरनं उडाला की दोरीला हिसका बसतो, नळकांडं फुटतं आन् डोळ्याचं पातं लवायच्या आत बंडी फुगती, मान, पाठ, छाती समदी हवेत. ह्यातलं एक तुमच्या जावयाला न्या, दुसरं मी मुंबईच्या मित्राला देनार हाय, अजून पंधरा दिस हाय मी हितं, आवडलं न्हाई तर बदलून न्या. मी इचारलं, दोन्हीत फरक काय? त्येंनी लय सोपं सांगितलं, जाकीट कातडं सांभाळतं, बंडी हाडं सांभाळती. मला गुरनाम आठवला. मी इचार केलाच न्हाई, बंडी उचलली.

त्यो धोंड्याचा म्हैना हुता. तुमाला ठावं असंल, तीन वर्सांनी अधिक म्हैना येतो, जावयाला बोलवायचं, धोंडं करून घालायचं, पुरनाचं, आन् काय तरी वान द्यायचं. तिकडं कारगिलला तोफा चालल्या हुत्या, आमच्या गावची दोन पोरं वर हुती, पारावर रेडिओभवती मानसं, पन घरात सनच. जावई आलं, ईहीनबाई आल्या, हिराबाईचा भाऊ नामदेव आला, शेजारपाजार आला. मी मनात म्हनलं, समदी अंगठ्या देत्यात, ह्या किसननं जावयाला काय दिलं ते बगा. अंगनात जावयाची गाडी हुती. मी म्हनलं तानाजीराव, आधी बगा, मग घाला. मी सोता बंडी घातली, बकलं लावली, गाडीवर बसलो, दोरी अडकवली आन् समद्यास्नी समजावून सांगाय लागलो, मिल्ट्रीत शिकवत्यात तसं, नंबर एक, नंबर दोन. शेजारची म्हातारी पन काठी टेकून ऐकत हुती. तेवढ्यात आतनं हाक आली, ताटं वाडलीत, चला. आन् मी चला चला म्हनत उतरलो गाडीवरनं. दोरी सोडायचीच इसरलो!

काय आवाज झाला म्हनता. फाट्टदिशी. कोंबड्या उडाल्या, म्हातारी मटकन खाली बसली, आन् मी अंगनाच्या मधोमध टम्म फुगल्याला, कालर हनवटीपतुर आल्याली, मान वळंना, हात खाली यीनात. आन् मग जे हसं फुटलं, नामदेव तर पोट धरून लोळला, म्हनतो दाजी, तुमची तर पुरी झाली की वं. हिराबाई पदर तोंडाला लावून आत पळाली. जावई पन हसलं, ईस-बावीस मानसांत सासऱ्याचा फुगा झाल्यावर कोन हसनार न्हाई, पन कान लाल झालं त्येंचं, हळूच म्हनलं, मामा, ह्ये मी साईटवर घातलं तर माझं नावच फुगा ठेवत्याल.

ईहीनबाई हसल्या न्हाईत. त्या म्हनल्या, पावनं, राग मानू नगा, पन धोंड्याच्या वानात जावयाला पडायची तयारी देत्यात व्हय कुटं? माजं लेकरू पडनारच असं धरून चाललाय की तुमी. त्यास्नी तरी काय म्हनायचं, एकच ल्योक, नवरा माघारी त्येच्यासाटीच जगल्या. पन त्या बोलल्या आन् समद्यांचं हसू थांबलं, आन् मला आसं झालं की धरनी फाटावी.

जेवनं झाली. मी एकेकाला इचारलं, काय करू. हिराबाई म्हनली, आवं, त्यास्नी आवडत न्हाई तर कशाला आग्रह, ते दुसरं जाकीट आना की. नामदेव म्हनला, दाजी, जाकीट म्हंजे कसं, रुबाब. ईहीनबाई म्हनल्या, तुमी द्याल ते सोनं, पन ते नगं. जावई म्हनलं, मामा, तुमी म्हनाल तसं, पन बोलताना त्येंचा डोळा खालीच. बंडीच्या खिशात दुसरं नळकांडं हुतं, बरं का. मोडली न्हवती ती बंडी. ते नळकांडं बसवायचं, जावयाला बाजूला घ्यायचं, गुरनामचं समदं सांगायचं आन् म्हनायचं, तानाजीराव, लोकं हसू द्यात, घाटात घाला, गाव आलं की काढा. यवढंच करायचं हुतं. त्यास्नी आजपतुर गुरनाम ठावा न्हवता, मी सांगितलाच न्हवता, धोंड्याच्या दिशी अभद्र कशाला काढायचं म्हनून गप बसलो. अपशकुनाचं तर मी नाव सांगतो, खरं म्हंजे लोकं हसली ते मला झोंबलं. मी मिल्ट्रीतला मानूस, बायकाफुडं फुगा झालो, ती बंडी माज्या डोळ्याफुडं नगं झाली हुती.

दुसऱ्या दिशी पैल्या एसटीनं पाचगणी गाठली. साहेबांचं चिरंजीव म्हनलं, काका, नक्की का? मी म्हनलं नक्की. त्येंनी परत इचारलं, घाटात जात्यात ना ते? मी म्हनलं जात्यात, पन जपून चालवत्यात. बंडी तितं ठेवली, जाकीट घेतलं, तिसऱ्या पारी घरी. जावयानं जाकीट घातलं आन् काय दिसलं म्हनता, भरल्याल्या खांद्याचा गडी, ईहीनबाईंनी सोता कानशिलावर बोटं मोडली, नामदेवनं फोटू काढला. समदी खुश. मी बी खुश, खोटं न्हाई बोलनार.

श्रावनात झालं ते. जावई सोमवारचं सकाळी निगालं, पाटनच्या फुडं दोन-तीन वळनं, झिमझिम पाऊस, आन् कुनाची तरी म्हस आडवी आली. जोरात न्हवतं, पाठीमागच्या जीपवाल्यानं सांगितलं, लय सावकाश चालली हुती गाडी. म्हशीला चुकवाय गेलं, गाडी सरकली, ते उडालं आन् रस्त्याकडंच्या दगडी कठड्यावर पाठ आपटली. जीपवाल्यानंच कऱ्हाडला आनलं, तितनं मिरजेला नेलं. मी पोचलो तवा डॉक्टर जाकीट हातात धरून हुबं हुतं, मला म्हनलं, तुमी कोन? म्हनलं सासरा. म्हनलं, जाकीट चांगलं हुतं, अंगावर साधा ओरखडा न्हाई, पन मनका गेलाय. आन् मला आत सोडलं. जावई जागं हुतं. मला बगून हसलं. मला फुडचं काय ऐकायचं न्हवतं, मी मागं फिरलो, दाराला धरून हुबा ऱ्हायलो, पन त्येंनी इचारलंच, मामा, माझ्या पायांवर चादर हाय का वं?

आता थंडी पडलीय, चार म्हैनं झालं. मी पाचगणी सोडली, साहेब म्हनलं जा, तुझी गरज तितं हाय. लेकीच्या सासरी बापानं ऱ्हाऊ ने म्हनत्यात, आमच्यात तर पानीबी घेत न्हाईत, पन मी ऱ्हातो, सोप्यात माजं हातरून हाय. सकाळी जावयाला उचलून मोरीत नेतो, आंगूळ घालतो, पाठ पुसतो. कातडं आसं गुळगुळीत हाय पाठीचं, बाळाच्या वानी. पाय चोळतो, डॉक्टर म्हनलं चोळत ऱ्हावा, चोळतो. सुनंदा कारखान्याच्या शाळंत पोरास्नी खाऊ शिजवाय जाती, तितनं आली की शिलाईचं मशीन घिऊन बसती. पोरगी ईस मानसाचं काम करती आन् तोंडातनं हूं का चूं न्हाई.

मला ऱ्हावलं न्हाई, मी जावयाला समदं सांगितलं एक दिस, गुरनामचं सांगितलं, चिरंजीव दोन-दोनदा इचारत हुतं ते सांगितलं, म्हनलं तानाजीराव, मला ठावं हुतं, मी मुद्दाम चुकीचं उचललं. तर त्येंनी माजाच हात धरला, म्हनलं मामा, सोडा ते, तुमी दिली असती तर मी घातलीच नसती, कुटं तरी खुंटीला लटकवली असती. ईहीनबाई दाराआडनं ऐकत हुत्या, त्या भायेर आल्या आन् कपाळ बडवून घ्याय लागल्या, माजी जीभ झडली न्हाई त्या दिशी, माजी जीभ. मी म्हनलं बाई, तुमचं काय न्हाई ह्यात. समदी दोष आपापल्या पदरात घ्याय लागली, आन् मला, काय सांगू तुमाला, जरा हलकं वाटलं. मानूस लय लबाड असतो, दुसऱ्यानं घेतलं की हलकं वाटतं.

सुनंदा तितं मशीनवर बसली हुती, कायतरी फाटल्यालं शिवत हुती. मशीन थांबलं. माज्याकडं बगितलं न्हाई तिनं, कापडाकडंच बगत म्हनली, आबा, तुमी मला का न्हाई इचारलं?

मी म्हनलं, तुला काय इचारायचं हुतं बाळा.

म्हनली, मी घालायला लावली असती त्यास्नी. माजं ऐकत्यात ते.

आन् परत मशीन सुरू केलं. जावयानं तोंड भितीकडं केलं, म्हंजे खरं हाय ते. म्या बायकूला इचारलं, मेव्हन्याला इचारलं, ईहिनीला इचारलं, शेजारच्या म्हातारीला बी इचारलं असंल, आन् जिच्या नवऱ्याचं हुतं ती आत चुलीफुडं धोंडं तळत बसली हुती, तिला कुनी हाक मारली न्हाई. मी बाप, मी बी न्हाई मारली. त्या दिसापास्नं ती माज्यासंगं चांगलं बोलती, जेवायला वाडती, आबा थंडी हाय कानाला बांधा म्हनती, राग न्हाई तिच्या मनात, देवानं तिला लय मोठं मन दिलंय, तिचं भलं करो. पन मला कायबी करायचं असलं, भाजी कुटली आनू, त्येंच्या पायाला तेल कुटलं लावू, तरी आता मी आधी जाऊन तिला इचारतो. ती म्हनती, आबा, यवढं काय इचारायचं त्यात. तरी मी इचारतो.