विहीणबाई आणि गाडीचा हीटर

अगं, आमच्या थोरलीच्या लग्नात वरमाय रुसलीच नाही, ते कसं सांगते. विहीणबाईंना नेवाशाहून मांडवात आणायला आम्ही आमची जुनी विलायती गाडी नेली. मे महिना. जरा वारं यावं म्हणून मी शहाणीनं पुढचं एक बटण ओढलं, तर हीटर सुरू झाला आणि काही केल्या बंदच होईना!

मागून विहीणबाई म्हणाल्या, "ईनबाई, गाडीत चूल मांडलीय का वो?"

मला वाटलं, आता या रुसणार आणि मुहूर्त सोडून आम्ही यांची समजूत काढत बसणार!

ह्यांनी गाडी थांबवून बॉनेट उघडलं आणि नुसते बघत उभे राहिले. विहीणबाई भरजरी लुगड्याचा पदर खोचून उतरल्या. "आमच्या हिरीवरच्या इंजिनाचा कॉक बी असाच आडतो," म्हणत त्यांनी चंचीतला अडकित्ता काढला, त्यात इंजिनाचं गरम पाणी हीटरकडे सोडणारा कॉक धरला आणि पिळून बंद केला.

मी हातच जोडले. "आता रुसू नका हो."

"रुसायचं ठरवूनच आल्ते," त्या हसल्या. "पर तुमची गाडीच माज्याआधी रुसली. तिची समजूत काढता काढता माजं ऱ्हाऊनच गेलं!"