कंगव्याचे तीन दात

हॅलो?

हो ताई, मीच… थांब हं, जरा खिडकीपाशी येते. या दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये आवाज नुसता तुटतो… हं, बोल आता.

बरी आहे. अगं, बरी आहे तुझी भाची. पलंगावर बसलीय, टोस्टला जॅम लावून खातेय… हो, स्वतःच्या हाताने. डाव्या. उजव्याला सलाईन आहे ना.

नाही, आयसीयू नाही. कोण म्हणालं तुला आयसीयू?… यांनी सांगितलं? तू यांना फोन केलास तेव्हा हे गाडी चालवत होते, काय बोलले असतील कुणास ठाऊक. साधी खोली आहे. दोन पलंग, दुसरा रिकामा. काल तिथेच पडलो आम्ही आळीपाळीने.

हो… हो… ऐकतेय… हो, म्हणाली होतीस. सहलीला पाठवू नकोस असं तू म्हणाली होतीस, आणि मी पाठवलं… नाही गं, चिडले नाहीये. आज मला कुणावर चिडताच येत नाहीये. तुझं बोलून होऊ दे, मग मी सांगते काय झालं ते.

झालं? मग ऐक.

शाळेची सगळी मुलं तळ्याकाठी होती. बिट्टीला सकाळपासून कणकण होती. जेवायला बसली आणि उलटी झाली. मग पाणी प्यायली, तेही बाहेर… हो ना, तिच्या बाबतीत हीच भीती. ताप आणि रिकामं पोट. दुसरं मूल असतं तर म्हणालं असतं, जरा पडते, बरं वाटेल. ही सरळ वर्गाच्या बाईंकडे गेली आणि म्हणाली, "बाई, माझ्या पोटात काही टिकत नाहीये. मला आत्ताच दवाखान्यात न्या. आईला फोन गाडीतून करू."

गाडीतून करू, ताई. बारा वर्षांची पोर.

बाईंना मी सगळं समजावून ठेवलं होतं, हो. त्यांनी एका शब्दाने शंका काढली नाही, लगेच गाडी बोलावली. त्यांचे उपकार कसे फेडू मला कळत नाही. पण त्यांना वेळेवर सांगितलं हिने. मी तिथे नव्हते. मी इकडे ऑफिसात बसून चहा पीत होते.

हं… मग इथे आणलं. दवाखाना लहानसाच आहे. डॉक्टर तरुण मुलगा, बाहेर बाकावर ही गर्दी. त्याने तपासलं, बोट टोचून साखर बघितली. साखर व्यवस्थित. म्हणाला, पोटाचा संसर्ग दिसतोय, उलटीचं औषध देतो, घोट घोट पाणी पीत राहा, संध्याकाळी पुन्हा बघू.

नाही नाही, त्याला काही बोलू नकोस. बरोबरच होतं त्याचं. शंभरातल्या नव्व्याण्णव मुलांना तेच पुरतं.

तर ही त्याला म्हणते, "डॉक्टर, साखर आत्ता चांगली आहे. ती उतरेपर्यंत थांबलो तर उशीर होईल. माझं शरीर चरबी जाळू शकत नाही."

रडली? छे. बाई सांगत होत्या, किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं म्हणे.

आणि तो थांबला गं. बाहेर एवढी माणसं खोळंबलेली असताना स्टूल ओढून तिच्यापुढे बसला. म्हणाला, "सांग बरं, म्हणजे नक्की काय होतं?" मग हिने पिशवीतून कंगवा काढला… कंगवा. केस विंचरायचा. तीन दात मोकळे सोडले आणि बाकीचे मुठीत झाकले.

थांब, मला तिच्याच शब्दांत सांगू दे. बाईंनी मला सांगितलं, मग मी तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

म्हणाली, "हा चरबीचा एक कण. ही आडवी पट्टी म्हणजे ग्लिसरॉल. तिला लटकलेले हे तीन दात म्हणजे फॅटी ॲसिड. एकेक दात म्हणजे कार्बनच्या मण्यांची लांब माळ. माणूस उपाशी राहिला की शरीर कोठार उघडतं, हे दात सुटे करतं, आणि कात्रीने दोन-दोन मणी कापत जाळत जातं. माझी लांब माळ कापायची कात्री जन्मापासून बोथट आहे. कोठार भरलेलं आहे, पण मला त्यातलं काही घेता येत नाही. उलट न कापलेल्या माळा साचल्या की हृदयाला आणि स्नायूंना त्रास होतो. म्हणून मला आत्ताच साखरेचं सलाईन हवं, म्हणजे शरीर कोठाराकडे वळणारच नाही."

हो. एवढं सगळं. मधे एकदा उलटी झाली म्हणे, तोंड पुसलं आणि पुढे बोलायला लागली.

कुठून शिकली म्हणजे? आपल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाई तिला लहानपणापासून सांगत आल्यात. मी सांगितलं, तिच्या बाबांनी सांगितलं. पण कंगवा तिचा स्वतःचा, ताई. तो कुणी शिकवला नाही.

मग हातातल्या कड्यावर तिच्या आजाराचं नाव आणि आपल्या मोठ्या हॉस्पिटलचा नंबर कोरलाय ना, तो दाखवला. डॉक्टरने तिथल्या तज्ज्ञांना फोन केला, बोलून आला, आणि सलाईन स्वतः लावलं. मी पोचले तेव्हा मला म्हणाला, "कॉलेजात एकदा वाचलं होतं. असा पेशंट कधी पाहिला नव्हता. बरं झालं ती बोलली." किती जण असं मोकळेपणाने बोलतात सांग.

हं… नाही, अगदीच सुखरूप नाही. संध्याकाळी पोटऱ्या दुखायला लागल्या, उभं राहता येईना. रक्त तपासलं, स्नायूंना थोडी इजा झालेली दिसली. आज सकाळचा रिपोर्ट चांगला आलाय, आकडा उतरतोय. संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती तर… नको. ते वाक्य मी पुरं करणार नाही.

ताई?… ताई, रडतेस का?

आठवतंय गं मला. कसं विसरेन. आठ महिन्यांची होती. ताप उतरला म्हणून आपण तिला सकाळी झोपू दिलं, आणि ती उठेचना. गाडीत तुझ्या मांडीवर होती. तू तिच्या तळपायांना चिमटे काढत होतीस, नाव घेऊन हाका मारत होतीस… तू नको का म्हणत होतीस ते मला ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्यावर राग नाही.

पण ऐक ना. तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. आता येतं. मी तिला काचेच्या कपाटात ठेवली असती तर ती बोलायला कुठे शिकली असती?

हं… डोळे पूस आधी.

काय?… तेल बंद? अगं, बंद कसं करणार? मोजून मापून असतं तिचं. आखूड माळांचं वेगळं तेल आहे, ते दुसऱ्या कात्रीने कापलं जातं, ते चालतं. आणि चमचाभर अक्रोडाचं, कारण त्यातल्या काही माळा शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. आज सकाळी इथल्या नर्सनेही हाच प्रश्न विचारला. बिचारी स्वतः वजन कमी करतेय, दोन महिने तेलाला हात लावला नाही म्हणाली. तर आमची मास्तरीण सुरू. "सिस्टर, असं करू नका. तुमच्या प्रत्येक पेशीची भिंत चरबीचीच आहे. दोन रांगा असतात. डोकी पाण्याकडे, शेपट्या आत, कारण शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. ती भिंत नसेल तर आतलं बाहेर आणि बाहेरचं आत."

हो ना, नर्स सलाईनची बाटली हातात धरून उभीच.

पुढे ऐक. "मेंदूतलं पाणी काढून टाकलं तर जे उरतं त्यातलं अर्ध्याहून जास्त हेच. नसांवर याचंच वेष्टण असतं, विजेच्या वायरवर असतं तसं. ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीच्या पाठीवर बसूनच आत येतात. आणि मी आता मोठी होतेय, तेसुद्धा कोलेस्टेरॉलपासून बनलेल्या हार्मोन्समुळे." हे तिने तिच्या बाबांसमोर सांगितलं. हे म्हणाले, गाडी उन्हात आहे, सावलीत लावून येतो. अजून आले नाहीत.

हस. हस बाई. बरं वाटलं तुझं हसणं ऐकून.

आणि शेवटी काय म्हणाली माहितीये? "सिस्टर, माझं चरबीशी भांडण नाही. फक्त कात्री बोथट आहे." मी पाठ वळवून खिडकीबाहेर बघत बसले, ताई. तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून.

घरी कधी?… उद्या. आज रात्रीचं जेवण पोटात राहिलं आणि रिपोर्ट असाच राहिला तर उद्या सकाळी सोडतो म्हणालाय. आणि आता जे सांगते ते शांतपणे ऐक. सहलीची बस उद्या याच रस्त्याने परत जाणार आहे. तिला मैत्रिणींबरोबर बसनेच यायचंय.

…

ऐकलंस ना?

हो. हो म्हटलं मी. डॉक्टरला विचारून म्हटलं. बसमध्ये बाई आहेत, पिशवीत तिची साखरेची पावडर आहे, पाण्यात कालवून दर थोड्या वेळाने प्यायची. आणि आम्ही दोघं गाडीने बसच्या मागे… अगं, पूर्ण रस्ताभर मागे. मला काय कमी काळजी आहे का?

नाही, तिला चालेल. विचारलंय. विचार करून हो म्हणाली.

काय?… तू येतेस? इथे?… अगं, पण एवढ्या लांब… नको कशाला म्हणू, ये ना. आत्ता निघालीस तर दिवसाउजेडी पोचशील. परतताना मागची सीट रिकामीच आहे. तिलाही आवडेल. कालपासून दोनदा विचारलं तिने, मावशीला सांगितलंस का.

पण आधीच सांगून ठेवते, ताई. बसच्या पुढे गाडी काढायची नाही, हॉर्न वाजवायचा नाही, आणि तू खिडकीतून हात हलवायचा नाहीस… माझी अट नाही ही. तिची आहे. मैत्रिणींसमोर लाज वाटते म्हणे.

हो. निघ तू. सावकाश ये… हो, सांगते तिला. ठेवते.