घरचं वाक्य

— मराठी पेपर चालू ठेवा, बबनराव. इंग्रजी तेवढा बंद करा, उद्यापासून. नाही नाही, पैशाचं काही नाही, सरांची पेन्शन येते मला. पण वाचणारं कोण आहे आता घरात? सर होते तोवर ठीक होतं. आता तो पेपर नागपूरच्या गाडीनं यायचा, तुम्ही सायकलवर आणायचा, अन् मी घडी न मोडता रद्दीत टाकायचा — पोरं? हो, पोरं येतात नं. सर गेले तरी येतात, तीच तर पंचाईत आहे. तुमची सायकल वळली की संघदीप अन् पायल ओट्यावर हजर. बँकेची परीक्षा द्यायची आहे, इंग्रजी शब्द वाढवायचे आहेत. म्हणतात, काकू, तुम्ही नुसत्या बसा, आम्ही वाचतो. बसते मी. काय करणार? मी मराठीची बी. ए., मला इंग्रजी डिक्शनरी उघडायची तर आधी चष्म्यापासून शोधावं लागतं.

सरांची पद्धत माहीत आहे का तुम्हाला? डिक्शनरी आधी उघडायची नाही. बातमी वाचायची, नवा शब्द आला की अंदाजानं अर्थ सांगायचा, मग डिक्शनरीत पाहायचं, अन् शेवटी त्या शब्दाचं आपल्या घरावरून एक वाक्य करायचं. घरचं वाक्य केलं की शब्द सुटत नाही, म्हणायचे. चांगलंच आहे हो, पण पेपरात येतं काय? तुम्हीच वाटता, तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्याचं नाव आलं की एक तर कापसाचं रडगाणं, नाहीतर कोणीतरी गेल्याची बातमी. स्प्युरिअस शब्द आला तेव्हा पायलनं अंदाजालाही वेळ घेतला नाही — बोगस, काकू, मागच्या साली आमचं बियाणं होतं नं, तेच. घरचं वाक्य तयारच. अन् परवा सराव परीक्षेत ज्युबिलंट आला तर म्हणे, हे पोटाचं दुखणं असंल. मी हसले. मग थांबले, कारण ती खरंच विचारत होती. खूप आनंदी, एवढाच तर अर्थ, पण आनंदाला एक हॅपी येतो त्यांना, बस. परीक्षा घेणारे काय आपल्या नेरला येऊन प्रश्न काढणार आहेत का?

अन् काल — नाही, सांगण्यासारखं नाही. बसा नं, उभे काहून आहात? काल मुकुटबनकडच्या कोण्या माणसाची बातमी होती. शेवटची ओळ, सर्व्हाइव्हड बाय, पुढं बायको अन् दोन मुली. संघदीपनं अंदाज केला — सर्व्हाइव्ह म्हणजे वाचणं, म्हंजे बायकोनं अन् पोरींनी वाचवलं त्याले. अन् काय खुलला तो. म्हणे, काकू, आज चांगली बातमी आली, एक तरी माणूस वाचला. पायल म्हणाली, अबे, वर डेथ लिहून आहे, डोळे फुटले का तुह्ये? मी डिक्शनरी हातात दिली. मागे राहिलेले, असा अर्थ निघाला. मग गप्प बसावं की नाही? पण पद्धत म्हणजे पद्धत, घरचं वाक्य केलंच पाहिजे. आता ह्याच्या घरी सगळे आहेत, बबनराव, आजोबा डोमाजी अजून काठी टेकत विहारात जातात. वाक्य आणणार कुठून? इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, सरांच्या खुर्चीकडं पाहिलं, अन् म्हणाला — सर इज सर्व्हाइव्हड बाय काकू.

व्याकरणाची एक चूक नाही. एखादी असती तर मी तीच धरून बसले असते. पायलनं चिमटा काढला तरी त्याला कळेना, माझ्याकडंच पाहून राहिला — वाक्य बरोबर आलं की सर शाबासकी द्यायचे नं. मग मीही दिली. अन् आत जाऊन उभी राहिले, गॅसवर काही नव्हतं तरी गॅसजवळ. दिवाळीत सर गेले तेव्हापासून किती लोकं येऊन गेले, देवाघरी गेले म्हणाले, सुटले म्हणाले, सगळं ह्यांच्याबद्दल. माझं काय झालं ते कोणी असं सरळ सांगितलं नव्हतं. ते सांगितलं त्या पोरानं, तेही इंग्रजीत.

म्हणून म्हणते, बंद करा. अन् पोरांना मी नाही सांगणार, तुम्हीच सांगा — नागपूरहून यायचाच बंद झाला म्हणून. एवढं खोटं बोलायला तुमचं काय जातं? पेपरला उशीर झाला की गाडीच लेट होती म्हणून सांगता की नाही गावाला? — काय? कोण आला होता? संघदीप? काल संध्याकाळी, तुमच्या स्टॉलवर?

— म्हणजे कसा पेपर? बिगर मौतीचा? असंच म्हणाला तो? काकूसाठी पाहिजे, खेळाचं जास्त अन् बाकीचं कमी, असं काही इंग्रजीत येतं का म्हणून...

असा पेपर कुठं निघतो, बबनराव. तुम्ही काय सांगितलं त्याला? — हं.

उठा तुम्ही, लोकं वाट पाहत असतील. — नाही, तो आजचा इंग्रजी नका नेऊ, ठेवा इथं. अन् उद्याही टाका, रोजच्यासारखा. फक्त घडी उलटी करा, खेळाचं पान वर येईल अशी. — काहून ते नका विचारू. जा आता.