राहिलेली बाही

कपड्यांच्या कारखान्याबाहेर बाकावर सासू आणि सून बसल्या होत्या. शेजारी नोकरीसाठीच आलेली एक मुलगी मांडीवरची प्रमाणपत्रांची फाईल सावरत, ऐकायचं नाही असं ठरवूनही त्यांचं बोलणं ऐकत होती.

"अगं, तुझा दाखला कुठाय?"

"आई, इथे दाखला बघतच नाहीत. कापड हातात देतात आणि सदरा कापायला सांगतात."

"मागच्या महिन्यात कापलास की! दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या."

"घाईघाईत कापड उलटायचं राहिलं."

"सगळे हसले म्हणे."

"पोट धरधरून हसले."

"आणि तू पुन्हा त्यांच्याच दारात?"

"त्यांच्याच. गळा बिनचूक कापला होता मी."

"कुणी ओळखलं म्हणजे?"

"ओळखू दे. महिनाभर तुमच्या जुन्या चादरी कापून हात बसवलाय."

"माझ्या चादरी? म्हणून होय गं त्या कपाटातून गायब... बरं, ते घरी गेल्यावर बघते. आधी ही नोकरी घे."

तेवढ्यात दार उघडून कारखान्याचे मास्तर डोकावले.

"चला, पुढच्या कोण? अरेच्चा, बाई, तुम्ही त्याच ना, दोन्ही बाह्या..."

सून कात्री घेऊन उठली.

"हो मास्तर, तीच मी. डाव्या हाताची राहिली होती, ती कापायला आलेय."